सुपरचार्जर लावायचाय, इंजिन कोणतं घ्यावं?

मंदगती (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. गाडी ठरली, सुपरचार्जर (क्रँकच्या पट्ट्यावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप) लावायचा हेही ठरलं, पण इंजिनावर घोडं अडलंय.

गाडी छोटी, दोन सीटची. इंजिन पुढे, लांबीत बसणारं, ड्राइव्ह मागच्या चाकांना. सगळं तयार झाल्यावर वजन १००० किलोच्या आसपास राहावं अशी इच्छा आहे. जुनं इंजिन उतरवलंय, त्यामुळे बे (इंजिन बसायची जागा) पूर्ण मोकळा. गाडी रस्त्यावर चालणार आणि अधूनमधून ट्रॅकवर जाणार. ३०० एचपी मिळाले की मी खूश. टर्बो (तसाच पंप, पण एक्झॉस्टच्या वायूवर फिरणारा) का नाही, असं कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगतो: पाय दाबला की त्याच क्षणी ओढ हवी, आणि एक्झॉस्टच्या बाजूला आणखी उष्णता नको. त्यावरचा वाद दुसऱ्या धाग्यावर घालू.

डोक्यात असलेली इंजिनं अशी. माझदाचं १.८ लिटरचं बीपी, कारण सुटं सामान सहज मिळतं आणि ब्लॉक बिडाचा आहे. टोयोटाचं १.६ लिटरचं ४ए-जीझेडई, त्याला तर कंपनीनेच सुपरचार्जर दिलाय. जनरल मोटर्सचं ३८००, म्हणजे ३.८ लिटरचं व्ही ६, त्यातलं एल ६७. तेही फॅक्टरीतूनच सुपरचार्जर घेऊन आलेलं. टोयोटाचं चार लिटरचं व्ही ८, १यूझेड-एफई. जनरल मोटर्सच्याच एलएस घराण्यातलं व्ही ८, पिकअप ट्रकमधलं ५.३ लिटरचं एलएम ७. आणि होंडाचं के २४.

प्रश्न दोन. मुळात सुपरचार्जरसाठीच बनलेलं इंजिन घ्यावं की साधं इंजिन घेऊन त्यावर चढवावा? आणि कॉम्प्रेशन रेशो (पिस्टन हवा किती पटीने दाबतो ते) किती असेल तर पिस्टन न बदलता भागेल?

नटबोल्ट

एलएम ७ घे. साधारण २८५ एचपी ते सुपरचार्जरशिवायच देतं. उरलेले पंधरा कॅम आणि हेडर (मोकळा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड) बदलून काढ. धागा संपला. 🙂

मंदगती

@नटबोल्ट, मग धाग्याचं शीर्षकच बदलावं लागेल की राव. सुपरचार्जर हवाच आहे. हौसेला मोल नसतं म्हणतात ते यासाठीच.

टॅपेटकाका

मंदगती, सुपरचार्जरसाठी इंजिन निवडताना सर्वांत आधी कॉम्प्रेशन बघायचं, मग आतलं सामान, मग बाकीचं. कंपन्यांनी काय केलं तेच बघ ना. ४ए-जीझेडई १९८६ मध्ये आलं तेव्हा ८ ला १ होतं, नंतर ८.९ केलं. फोर्डने २००३ ची कोब्रा काढली, लोक जिला टर्मिनेटर म्हणतात ती. ४.६ लिटरचं इंजिन, त्याला मुद्दाम बिडाचा ब्लॉक, फोर्ज्ड रॉड, ८.५ कॉम्प्रेशन आणि वर ईटनचा एम ११२ सुपरचार्जर. ३९० एचपी. हे इंजिन दाब सोसायलाच जन्माला आलंय.

४ए-जीझेडई सोडलं तर तुझ्या यादीत या पठडीतलं एकच उरतं: एल ६७. ८.५ ला १, ब्लॉक बिडाचा, हेडही बिडाची, वर ईटन एम ९०, मूळचे २४० एचपी. वरची पुली ३.८ इंचाची येते. ती ३.४ ची केलीस की सुपरचार्जर जवळजवळ १२ टक्के जास्त फिरतो. हेडर बदल, इंटरकूलर (दाबून गरम झालेली हवा थंड करणारा) घाल, आणि ३०० च्या उंबरठ्यावर येशील. आत हात घालायची गरजच नाही. ऑस्ट्रेलियात होल्डन कमोडोरमध्ये हेच इंजिन लांबीत बसवून मागची चाकं फिरवत होतं, त्यामुळे गिअरबॉक्सचा प्रश्नही सुटलेला आहे.

चौथागियर

काका, आदर ठेवून असहमत. ८.५ हा त्या काळचा नियम होता, तेव्हा नॉक (सिलिंडरमधलं मिश्रण आपोआप पेटणं) ऐकणारा सेन्सर आणि ईसीयू (इंजिनाचा संगणक) यांच्यावर आजइतका भरवसा ठेवता येत नव्हता. लोटसने २००६ च्या एक्झिज एस मध्ये टोयोटाचं २झेडझेड-जीई घेतलं आणि ११.५ कॉम्प्रेशन तसंच ठेवून वर ईटन एम ६२ बसवला. साधारण १९० चे २२० एचपी झाले. ऑडीचं ३.० टीएफएसआय १० च्या वर चालतं, अर्थात तिथे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये उडतं म्हणून थंडावा मिळतो. डॉजची पहिली हेलकॅट ९.५ वर ७०७ एचपी द्यायची.

शिवाय एल ६७ वाल्यांचं निम्मं आयुष्य 'केआर' बघण्यात जातं, म्हणजे नॉक ऐकून ईसीयू टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) किती मागे घेतोय ते. कॉम्प्रेशन ८.५ असूनही! कारण मूळ रचनेत इंटरकूलरच नाही. पुली लहान केली की दाब वाढतो, त्याहून जास्त हवा तापते. आणि बिडाचा ब्लॉक, बिडाची हेडं १००० किलोच्या गाडीच्या नाकावर? वळताना कळेल.

रिकामी_टाकी

वाचतोय. बीपीबद्दल कुणी बोलेना म्हणून विचारतो, त्यात काय वाईट?

चौथागियर

बीपी वाईट मुळीच नाही. ९ ला १ कॉम्प्रेशन, बिडाचा ब्लॉक, दणकट क्रँक. पण मूळ १३० च्या घरातलं इंजिन ३०० ला न्यायचं म्हणजे वातावरणाच्या सव्वादोन-अडीच पट दाब हवा. रॉड, पिस्टन, क्लच, सगळंच बदलणं आलं. २०० वर समाधान असेल तर याहून सुटसुटीत काही नाही. ४ए-जीझेडईचंही तेच. जाता जाता, त्याच्या सुपरचार्जरच्या पुलीत एसीच्या कॉम्प्रेसरसारखा विद्युतचुंबकीय क्लच आहे. सावकाश चालवताना सुपरचार्जर थांबतो, पेट्रोल वाचतं. कल्पना झकास, पण त्याच्या मूळ एससी १२ सुपरचार्जरमधून ३०० एचपीची हवा निघणार नाही.

उष्मागतिकी

काका आणि चौथागियर एकाच गोष्टीच्या दोन बाजूंनी बोलताहेत. थोडं गणित मांडते, कंटाळा आला तर शेवटचा परिच्छेद वाचा.

बाहेरची हवा ३० अंश, म्हणजे ३०३ केल्विन धरू. वातावरणाचा दाब १४.७ पीएसआय. सुपरचार्जरने ७ पीएसआय वाढवले तर दाबाचं गुणोत्तर २१.७ भागिले १४.७, म्हणजे १.४८. आदर्श दाबणीत तापमान या गुणोत्तराच्या ०.२८६ व्या घाताने वाढतं. ते येतं १.११८. म्हणजे ३६ अंशांची वाढ. पण ही झाली आदर्श वाढ. सुपरचार्जरची कार्यक्षमता ५५ टक्के असेल (दोन रोटरनी हवा ढकलणारे जुने रूट्स जातीचे सुपरचार्जर दाब वाढला की इथेच घुटमळतात), तर वाढ ६५ अंश, आणि हवा ९५ अंशांवर बाहेर पडते. कार्यक्षमता ७० टक्के असेल तर ८१ अंशांवर.

आता हेच १२ पीएसआयला करा. ५५ टक्क्यांवर हवा १३२ अंश, ७० टक्क्यांवर ११०. पाच पीएसआयच्या फरकाने ३० ते ३७ अंश जास्त. नॉकिंग होतं ते सिलिंडरच्या कडेला शेवटी जळायची राहिलेली हवा-पेट्रोल ठिणगीच्या ज्योतीची वाट न बघता स्वतःच पेट घेते म्हणून. तिथलं तापमान ठरतं ते आत शिरताना हवा किती गरम होती त्यावर आणि कॉम्प्रेशनवर, दोन्हींवर.

आणि मुख्य मुद्दा. बूस्ट (वाढवलेला दाब) दाखवणाऱ्या गेजवर जो आकडा दिसतो तो आत न शिरलेल्या हवेचा असतो. दाराशी ताटकळलेल्या गर्दीवरून आत किती माणसं गेली हे कसं कळणार? हेडचे पोर्ट मोठे, व्हॉल्व्ह चार, कॅम बरा असेल तर तेवढीच हवा कमी दाबाने आत जाते. त्यामुळे ८.५ कॉम्प्रेशनचं घुसमटणारं इंजिन १२ पीएसआयवर चालवण्यापेक्षा १०.५ चं मोकळा श्वास घेणारं इंजिन ७ वर चालवणं, चांगला इंटरकूलर असेल तर, बऱ्याचदा सुरक्षित असतं. बऱ्याचदा म्हटलंय, नेहमी नाही.

टॅपेटकाका

ताई, गणित मान्य. पण १०.५ गुणिले १.४८ म्हणजे साडेपंधरा झालं की! साडेपंधरा कॉम्प्रेशनचं इंजिन पंपावरच्या पेट्रोलवर चालवून दाखवा.

उष्मागतिकी

काका, तो गुणाकार सगळीकडे फिरतो, पण त्याला अर्थ नाही. पंधराच्या कॉम्प्रेशनमध्ये पिस्टन स्वतः हवा तेवढी दाबतो आणि त्या दाबण्याने तापवतो. इथे आधीची दाबणी सिलिंडरबाहेर होते आणि मधे इंटरकूलर ती उष्णता काढून घेतो. इंटरकूलर नसेल तर तुमचा आकडा सत्याच्या बराच जवळ जाईल, हे मात्र कबूल. म्हणूनच मी म्हणेन की कुठलंही इंजिन घ्या, इंटरकूलर बसायला जागा नसेल तर ते इंजिन यादीतून काढा.

टॅपेटकाका

हे पटलं. तरी माझं मत एल ६७ लाच. 😄

तेलाचे_डाग

सगळे आकडेमोड करताहेत, बे कुणी मोजला का? मंदगती, खोका बनवून बघ. पुठ्ठा नको, वाकतो. पॅकिंगच्या फळ्या चालतील. इंजिनाची लांबी, रुंदी, उंची, बेलहाउसिंगची जागा, सम्प (खालची तेलाची टाकी) कुठे खोल आहे ते, सगळं त्या सांगाड्यात दाखव आणि बे मध्ये उतरव. मग स्टिअरिंगचा दांडा फिरवून बघ, सस्पेन्शन वर-खाली करून बघ, बॉनेट लाव.

१यूझेडबद्दल: इंजिन म्हणून मला ते फार आवडतं. मेन बेअरिंगच्या प्रत्येक कॅपला सहा बोल्ट, पूर्ण अॅल्युमिनियम, १९८९ पासूनचं. घ्यायचं तर १९९५ च्या आधीचं घे, कारण नंतर रॉड हलके केले आणि कॉम्प्रेशन १० वरून वाढवलं. पण चार कॅमचं व्ही ८ म्हणजे दोन्ही बाजूंना रुंद हेडं. लहान गाडीत स्टिअरिंगचा दांडा आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड एकाच जागेसाठी भांडतात. लोक एलएसच्या मागे लागतात त्याचं एक कारण हेच. पुशरॉड आहे, कॅम ब्लॉकमध्ये, त्यामुळे पाच-सहा लिटरचं असूनही हेडपाशी अरुंद. व्ही ८ वर रूट्स बसवला की तो मधल्या दरीत, मॅनिफोल्डच्या जागी बसतो. दिसतो छान, पण उंची वाढते. बॉनेटला भोक पाडायची तयारी आहे का?

आणि पट्टा! सुपरचार्जर कुठेही बसवा, त्याला फिरवणार क्रँकच. पट्टा पुलीला किती अंशांत लपेटला जातो ते बघ. अर्ध्या वर्तुळापेक्षा बराच कमी लपेटा असेल तर घसरणार. माझ्या एका जुन्या गाडीवर तयार किट होतं, नाव घेत नाही. त्यातला टेन्शनर पट्ट्याच्या चुकीच्या बाजूला होता, म्हणजे जिथे पट्ट्यावर ताण येतो त्या बाजूला. आरपीएम वाढले की टेन्शनर मागे सरकायचा, पट्टा सैल, बूस्ट खाली. शेवटी आयडलर हलवून सुट्या बाजूला टेन्शनर घेतला आणि सहा धारांच्या पट्ट्याऐवजी आठ धारांचा लावला तेव्हा कुठे गेज स्थिर झालं. आणखी एक, एलएसच्या क्रँकवर पुढची पुली नुसत्या दाबावर बसते, खाच आणि चावी नसते. सुपरचार्जर लावायचा तर तिथे पिन मारून घ्यावी लागते.

नटबोल्ट

पट्ट्यावर किती लोड येतो याची कल्पना यावी म्हणून: हेलकॅटचा सुपरचार्जर पूर्ण जोरात फिरवायला सुमारे ८० एचपी लागतात असं कंपनीच सांगते. एका छोट्या मोटारीचं अख्खं इंजिन त्या पट्ट्यावरून जातंय.

मंदगती

सांगाडा केला. तेलाचे_डाग, सल्ला लाखमोलाचा निघाला.

१यूझेड: बाद. उजव्या हेडच्या जागी स्टिअरिंगचा दांडा येतो, चासिसचा पाईप कापल्याशिवाय पर्याय नाही. एलएम ७ बसतं, पण गिअरबॉक्सचा बोगदा रुंद करावा लागेल आणि रेडिएटर पुढे ढकलला तरी इंटरकूलरला जागा उरत नाही. एल ६७ बसतं, पण तोच इंटरकूलरचा प्रश्न, कारण सुपरचार्जर आणि मॅनिफोल्ड यांच्यामध्ये पातळ कूलर घालायचा तर उंची वाढते आणि बॉनेट आत्ताच जेमतेम बसतंय. के २४ आरामात बसतं. डाव्या बाजूला तर एवढी जागा उरते की पाण्याचा इंटरकूलर आणि त्याचे पाईप सहज जातील.

तर मग के २४. पण कोणतं? ९.७ कॉम्प्रेशनचं १६० एचपीचं आणि १०.५ चं २०० एचपीचं, अशी दोन समोर आहेत. काकांच्या नियमाने ९.७, ताईंच्या नियमाने १०.५.

चौथागियर

सरळ गुणाकार कर. १६० गुणिले १.४८ म्हणजे २३७. त्यातून सुपरचार्जर फिरवायचा खर्च आणि उष्णतेचा तोटा वजा. ३०० ला जायचं तर १३-१४ पीएसआय लागतील. २०० वाल्याचे त्याच ७ पीएसआयला २९५, खर्च वजा जाता २६५ च्या आसपास हातात. ९.७ चं हेड काटकसरीच्या व्हीटेकचं (होंडाची व्हॉल्व्ह उघडण्याची पद्धत) आहे, पेट्रोल वाचवायला बनवलेलं. २०० वाल्याचं हेड खरोखर श्वास घेतं. हे २००३ च्या पिढीतल्या अॅकॉर्डमध्ये होतं, काही देशांत तीच गाडी अॅक्युरा टीएसएक्स म्हणून विकली गेली.

१००० किलोच्या गाडीत २६५ एचपी म्हणजे काय हे एकदा चालवून बघ, ३०० चा हट्ट आपोआप सुटेल.

उष्मागतिकी

१०.५ चं घे. एकच अट: ट्यूनिंग करताना टायमिंगमध्ये हावरटपणा नको. सुरुवातीला दर पीएसआयमागे साधारण एक डिग्री मागे घेऊन बसायचं आणि मग नॉक ऐकत एकेक पाऊल पुढे यायचं. पूर्ण बूस्टवर हवा-पेट्रोलचं प्रमाण ११.५ ते १२ च्या दरम्यान. पंपावर जास्त ऑक्टेनचं मिळत असेल तर तेच, आणि ट्यून ज्या पेट्रोलवर केलं त्याहून हलकं टाकीत कधी जाऊ द्यायचं नाही.

रिकामी_टाकी

हे वाक्य माझ्यासाठीच लिहिलंय असं वाटतंय.

मंदगती

आता सुपरचार्जर. सेंट्रिफ्युगल (टर्बोसारख्या पंख्याचा, पण पट्ट्यावर फिरणारा) बसवणं सोपं दिसतंय, डायनॅमोसारखा समोर बाजूला टांगायचा. पण पाय दाबताच ओढ हवी हे आधीच लिहिलंय.

उष्मागतिकी

मग उत्तर तूच दिलंस. सेंट्रिफ्युगलचा दाब फिरण्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ७००० आरपीएमला ७ पीएसआय असतील तर ३५०० ला जेमतेम पावणेदोन. रूट्स किंवा ट्विन स्क्रू दर फेरीला ठरलेली हवा ढकलतो, म्हणून २००० पासूनच जवळपास पूर्ण दाब. सेंट्रिफ्युगल कार्यक्षमतेत सरस, गिअरबॉक्सवरही दया करतो, पण ती तुझी गाडी नव्हे.

के २४ चा स्ट्रोक ९९ मिलिमीटर आहे, बोअर ८७. ७५०० आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला पावणेपंचवीस मीटर होतो. हे इंजिन वर पिळण्यापेक्षा मधल्या आरपीएमला दाबून चालवावं असंच आहे. त्यालाही रूट्सच शोभेल. फक्त जुना सरळसोट रूट्स नको. ईटनच्या टीव्हीएस मालिकेत रोटरला चार पाती आणि १६० अंशांचा पीळ आहे, जुन्या एम मालिकेत तीन पाती आणि ६० अंश. त्यामुळे हवा कमी तापते. लोटसने इव्होरा एस मध्ये ३.५ लिटरच्या व्ही ६ वर १३२० आकाराचा टीव्हीएस वापरला, तुला तोच आकार पुरून उरेल.

हिशोब असा. के २४ दर फेरीला १.१८ लिटर ओढतं. त्यात भरण्याची कार्यक्षमता, दाब आणि इंटरकूलरनंतरचं तापमान धरलं तर सुपरचार्जरने क्रँकच्या दर फेरीला बाहेरची दीड-पावणेदोन लिटर हवा आणायला हवी. टीव्हीएस १३२० एका फेरीत १.३२ लिटर आणतो, गळती धरून पुलीचं गुणोत्तर १.२५ ते १.३ येतं. ७००० ला सुपरचार्जर ९ हजारांच्या आसपास, म्हणजे अगदी निवांत. एम ६२ घेतलास तर तो ११-१२ हजारांवर जाईल. चालेल, पण गरम होऊन.

तेलाचे_डाग

के २४ लांबीत बसवलं की इनटेक डावीकडे आणि एक्झॉस्ट उजवीकडे येतं. तुझ्या गाडीत स्टिअरिंग उजवीकडे आहे ना? मग दांड्याला आणि त्याच्या जॉइंटला उष्णतारोधक पत्रा लावायला विसरू नकोस. सुपरचार्जर डावीकडे, इनटेकच्या जागी. दोन पुल्यांची तोंडं एका रेषेत आहेत की नाहीत हे सरळ पट्टी लावून बघ, डोळ्यांनी नाही. एक मिलिमीटरचा फरकसुद्धा पट्ट्याची कड खातो.

नटबोल्ट

गिअरबॉक्सचा विचार केलायस का? मूळ टॉर्क सुमारे २२५ न्यूटन मीटर, वर बूस्ट, म्हणजे ३०० च्या पुढे, आणि तेही २५०० पासून. रूट्सवाल्या गाडीत दुसऱ्या-तिसऱ्या गिअरचे दात आधी बोलतात. जुन्या इंजिनासोबतचा पाच गिअरचा छोटा बॉक्स ठेवणार असशील तर खालच्या आरपीएमला थ्रॉटल ईसीयूकडून आवरता घे.

मंदगती

बॉक्स सहा गिअरचा घेतोय, मोठ्या इंजिनासोबत येणारा. अॅडॉप्टर प्लेट आणि फ्लायव्हील त्याच मापाचं.

टॅपेटकाका

ठरलं म्हणायचं तर! मग आता म्हातारं खोड काय सांगतं ते ऐक. वापरलेलं इंजिन येणार, त्याचं नुसतं कॉम्प्रेशन बघून थांबू नकोस. लीकडाउन कर. पिस्टन वरच्या टोकाला आणून हवा सोडायची आणि किती टक्के गळते ते बघायचं. १० टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम. कुठून गळते ते कान लावून ऐक. एक्झॉस्टमधून फुसफुस आली तर एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह, थ्रॉटलमधून आली तर इनटेकचा, तेलाच्या झाकणातून आली तर पिस्टनच्या रिंगा. रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर गॅस्केट किंवा हेड, मग ते इंजिन परत.

आणि समजा कशासाठी तरी उघडलंसच, तर रिंगांचं अंतर मोजल्याशिवाय बंद करू नकोस. रिंग बोअरमध्ये घालायची, पिस्टन उलटा धरून तिला इंचभर खाली सरळ ढकलायची, मग दोन टोकांमध्ये फीलर गेज. साध्या इंजिनाला बोअरच्या दर इंचाला साडेचार हजारांश इंच पुरतं. ८७ च्या बोअरला ते ०.३९ मिलिमीटर होतं. सुपरचार्जरला दर इंचाला सहा हजारांश, म्हणजे ०.५२ च्या आसपास. कमी ठेवलंस तर ट्रॅकवर गरम झाल्यावर टोकं एकमेकांना भिडतात, रिंगेला जायला जागा राहत नाही आणि पिस्टनची कड उचकटून येते. लोक म्हणतात बूस्टने पिस्टन फोडला. फोडलेला असतो या अर्ध्या मिलिमीटरने. घासताना रिंग एकाच दिशेने, बाहेरून आत, आणि नंतर कडेचं बारीक कुसळ दगडावर काढ.

फोर्ज्ड पिस्टन टाकणार असशील तर मिश्रधातू विचारून घे. ४०३२ मध्ये सिलिकॉन जास्त, तो कमी फुगतो, रस्त्यावरच्या गाडीला बरा. २६१८ जास्त चिवट, पण बोअरमध्ये मोकळा ठेवावा लागतो, त्यामुळे थंड असताना खडखडतो. ७ पीएसआयला मूळचे ठेवलेस तरी चालतील, रिंगा मात्र बघच.

उष्मागतिकी

काकांच्या या प्रतिसादाला वेगळा धागा मिळायला हवा.

चौथागियर

किरकोळ, पण राहून जातात अशा गोष्टी. मूळ मॅप सेन्सर (इनटेकमधला दाब मोजणारा) बूस्टसाठी बनवलेला नाही, त्याच्या मर्यादेवर दाब गेला की ईसीयू आंधळा, म्हणून २ किंवा ३ बारचा टाक. इंजेक्टर ३०० एचपी धरूनच घे. एचपी गुणिले ०.६२, भागिले चार सिलिंडर आणि ८० टक्के उघडझाप, म्हणजे तासाला ५८ पाउंड. मिनिटाला ६१० सीसी. बायपास व्हॉल्व्ह हवाच. सावकाश चालताना इनटेकमध्ये पोकळी असते तेव्हा तो उघडून सुपरचार्जरची हवा त्याच्याच तोंडाशी परत पाठवतो. तो नसेल तर सिग्नलला उभं असतानाही हवा तापत राहते. क्रँककेसच्या ब्रीदरला एकदिशी व्हॉल्व्ह, नाहीतर बूस्ट सम्पमध्ये शिरून सील बाहेर ढकलेल.

रिकामी_टाकी

एक शंका. ३०० एचपीचे इंजेक्टर आणि २६५ एचपीचं इंजिन, पेट्रोल जास्त नाही का जाणार?

चौथागियर

नाही. इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा ते ईसीयू ठरवतो. शिवाय सुपरचार्जर फिरवायला जे ३० एचपी जातात तेही पेट्रोल जाळूनच येतात, चाकांपर्यंत पोचत नाहीत एवढंच.

मंदगती

तर ठरलं. के २४, १०.५ वालं, मूळ पिस्टन, टीव्हीएस १३२०, ७ पीएसआय, पाण्याचा इंटरकूलर, पुलीचं गुणोत्तर १.२८ ने सुरुवात. रेडिएटरच्या पुढे इंटरकूलरचा वेगळा छोटा रेडिएटर आणि त्याला वेगळा विजेचा पंप. इंजिन आलं की उघडायच्या आधी लीकडाउनचे आकडे इथे टाकतो.

@नटबोल्ट, आता तरी एलएम ७ म्हणू नकोस.

नटबोल्ट

नाही म्हणत. पण त्या सांगाड्याच्या फळ्या फेकू नकोस.

टॅपेटकाका

लीकडाउन इंजिन गरम असताना करायचं असतं. सुटं इंजिन येणार, त्यामुळे थंडच होईल, मग आकडे थोडे जास्त दिसतील. १२-१३ दिसलं म्हणून लगेच परत पाठवू नकोस. चारही सिलिंडर एकसारखे आहेत का ते बघ. एकच वेगळा दिसला तर बोअरस्कोप घालून फोटो टाक, बघू.